गेल्या दसऱ्याचा हार

कोरगाव, १२ सप्टेंबर २०२५

बाय ऋतिका,

अनेक आशीर्वाद. शेजारचा सर्वेश उद्या पुण्याला निघतोय, त्याच्याकडे ही चिठ्ठी आणि कोकमाची सोलं देते. फोनवरच बोलले असते, पण तुझे पपा कान लावून बसतात, आणि हे त्यांच्याविषयीच आहे.

आधी सांगते, सगळं ठीक आहे. आता वाच.

पुनवेच्या भरतीला खाडीकाठच्या खालच्या खाजन शेतांचा बांध फुटला. भात पोटरीत आलेलं, आणि शेतात सगळं खारं पाणी. ओहोटीला माणसांनी बांध बुजवला, पण आत साचलेलं उपसणार कशाने? गावकऱ्यांचा पंप दुरुस्तीला गेलेला. राहिला आपला छोटा ट्रॅक्टर.

त्याचे लाड तुला ठाऊकच आहेत. पंप जोडायचा तो मागचा फिरता दांडा, पीटीओ, झिजेल म्हणून पपांनी त्याला माझं जुनं लुगडं गुंडाळलेलं. वर गेल्या दसऱ्याच्या पूजेचा हार तसाच, वाळून चुरा झालेला. यंदा नांगरटीला चक्क भाड्याचा ट्रॅक्टर आणला! हसावं की रडावं, तूच सांग.

शेताशेजारचा बाबली बोलवायला आला तेव्हा नाही म्हणवेना. पपांनी हार काढला, लुगडं सोडलं, पंप जोडला. पण जरा चालला की बंद करायचे, जरा चालला की बंद. शेवटी बाबली ओरडला, "सगुणदादा, तो दांडो फिरूकच केलेलो आसा! परत परत जोडतंस नि सोडतंस, तेनाच झिजता. एका गतीन चलूक दी."

पपांनी इंजिन बंद केलं. मग सांध्यांना ग्रीस भरलं, इंजिनाचा वेग जुळवला, पोरांना लांब पिटाळलं आणि पंप चालू केला तो केलाच. तेही दिवसभर बांधावर येरझारा घालत राहिले. मी पदरात गोळ्या बांधून उभी. बायपास झाल्यापासून अंगणापलीकडे गेले नव्हते ते. डॉक्टर चाला म्हणत होते, पण चवथीच्या आरतीलाही खुर्चीतच. तुला फोनवर आम्ही दोघंही "बरं आहे" एवढंच सांगायचो. "पुरे आता" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच ओरडले, "अगो, उभी कित्याक? च्या हाड सगळ्यांक!"

मी चहा आणायला पळतच गेले.

तिन्हीसांजेला भाताची पाती वर दिसू लागली. पीक वाचलं.

पपांसाठी नोकरी सोडून इकडे यायचं म्हणत होतीस, ते राहू दे. दिवाळीला नव्या पोह्यांचे फोव खायला मात्र ये.

आणि एक. त्या दिवशी पपा दिवे लागताच घोरायला लागले. इतके महिने त्यांचा श्वास चालू आहे ना, हे ऐकत मी रात्रभर जागी असायचे. तुला कधी कळू दिलं नाही. त्या दिवशी मीही झोपले.

झोप पुरी झालेली,
तुझी आई
प्रभावती