पल्लवीची घरची शाळा आन् मी

केनवड, ता. रिसोड
गुरुवार

आदरणीय दुर्गाबाई,

तुझ्या धाकट्या भावाचा, जानरावचा, सप्रेम जयभीम. गुडघा कसा हाये? (मागच्या खेपेले तू डावा म्हणली व्हती, भाऊजी फोनवर उजवा म्हणत व्हते. कोणता दुखते ते दोघांनी बसून ठरवा आन् कळवा.) आमी सारे बरे आहोत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाई.

कारण असं, की मी मास्तर झालो. तीस वर्सं एसटी चालवली, दहावी दोन खेपा नापास, आन् आता नात पल्लवी माझ्या वर्गात. तुले ठाऊकच हाये, नऊ वर्साची झाली तरी मोजकंच बोलते, आन् गलका झाला की कान झाकून बाकाखाली शिरते. शाळेत तर गलकाच गलका. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, नाव पटावर राहू द्या, तुमी घरी शिकवा, अशा लेकरांच्या फिरत्या मॅडम दर गुरुवारी येतील. प्रसेनजित आन् सूनबाई सकाळीच रिसोडले कामावर जातात. मंग उरलं कोण?

त्या फिरत्या मॅडमनं, रुख्मिणी मॅडमनं, भिंतीवर चित्रांची पट्टी लावली. तोंड धुणं, भाकर, अभ्यास, खेळ, असं क्रमानं. म्हणाल्या, "काका, पुढं काय होणार ते दिसलं की ती घाबरत नाही." मले पटलं. पण पट्टीत माझ्या चहाचं चित्र नव्हतं! पहिल्याच दिवशी अभ्यासाच्या वेळेले मी चहा ठेवला, तर पोट्टीनं गॅस बंद केला, मले ओढत पट्टीसमोर उभं केलं आन् अभ्यासावर बोट ठेवलं. मी गुमान बसलो. मॅडमले सांगितलं, तर त्या खूश. म्हणे, तिला समजलं! तिले समजलं वं, पण चहा माझा गेला. कोण कोणाले शिकवून राह्यलं, तेच मले उमजत नाई.

मंग आकडे काढले. सोयाबीनचे दहा दाणे मोजाले दिले. तिनं मोजले नाईत, ओळीत मांडले. मी म्हटलं, मांडू दे. तिनं डब्यातले सारे मांडले, उंबरठ्यापासून न्हाणीपर्यंत. ओलांडायचे, पण हलवायचे नाईत. तीन दिवस आमी घरात बगळ्यावानी पाय उचलून चाललो. तिसऱ्या दिवशी शेजारचा रामकिसन आला (त्याच्यापाशी साऱ्या जगाचा इलाज राह्यते). "जानराव, लाड बंद करा अन् पोरीले धाक लावा," असं म्हणता म्हणता त्याचा पाय दाण्यावर पडला आन् गडी सपशेल खाली बसला. पल्लवी उठली. मले वाटलं, पाणी देते का काय. तिनं त्याले बाजूले सरकवलं आन् बुडाखालचे दाणे एकेक करून जाग्यावर ठेवले, तोंडानं म्हणत, "एक, दोन, तीन..." सातवर थांबली.

बाई, सहा महिन्यांत त्या तोंडून मी आकडा ऐकला नव्हता. मी ओरडलो, रामकिसनही ओरडला (त्याचं कारण येगळं), आन् आमचा गलका ऐकून पोट्टी खाटेखाली गेली. आता मॅडमच्या वहीत 'वापरलेली पद्धत' असा रकाना हाये. त्याच्यात काय लिहू? दुसऱ्या दिवशी रामकिसनले इचारलं, आणखी एकदा पडता का? त्यानं दार लावून घेतलं. पाच दिवस आकडा परत आला नाई. सहाव्या दिवशी मी डाळ निवडत व्हतो, ती येऊन बाजूले बसली आन् आपसूक नऊपर्यंत गेली. मी काहीच शिकवत नव्हतो. म्हंजे मी शिकवलं नाई तवा ती शिकते, का शिकवलेलं उशिरा पोचते? माझी तर मती गुंग हाये.

भाऊजीले जयभीम. गुडघ्याले जप.

तुझा गोंधळलेला भाऊ,
जानराव

ता.क. – येत्या शनिवारी प्रसेनजित तुझ्याकडं कारंज्याले येऊन राह्यला. पल्लवीले अकोल्याले वसतिगृहाच्या शाळेत टाकू का, म्हून इचारल. तू ठाम नाई म्हण. तुझ्या शब्दाबाहेर तो जात नाई.

दुसरी ता.क. – त्या शाळेचा फारम त्यानं नाई, मीच आणला. आकडा परत आला नाई, त्या पाच दिवसांत वैतागून. नवराबायको नको म्हणत व्हते, मीच रोज डोकं खाऊन त्याइले पटवलं. आता कोणत्या तोंडानं माघार घेऊ? माझं नाव सांगू नको.

तिसरी ता.क. – काहून नाई, असं तो इचारलच. कारण तूच शोध. माझ्यापाशी एक हाये, पण ते म्हाताऱ्या माणसानं सांगण्यासारखं नाई. रिटायर झाल्यापासून सात वर्सं, सकाळी माझी कोणी वाट पाहत नव्हतं.