जिन्यावरचं कपाट आणि चौदावा गडी

चि. खांबास,

ताईचे भरभरून आशीर्वाद. (एकसष्टाव्या वर्षी चिरंजीव म्हणवून घ्यायची तुला लाज वाटत असेल तर वाटू दे. मला सहासष्टाव्या वर्षी ते लिहायची वाटत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? विशेषतः गुडघे? उजव्याचं तर सांगच, पण डाव्याचंही सांग. खाली बसल्यावर आधाराशिवाय उठता येतं का? डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता लांबचं स्वच्छ दिसत असेल. हे सगळं मी बहिणीच्या मायेनं विचारते आहे, दुसरं काही मनात आणू नकोस. फोनवरच विचारलं असतं, पण मी फुटबॉलचा 'फु' उच्चारला की तू फोन ठेवतोस. पत्राचं तसं नाही. ते बाजूला ठेवलं तरी टेबलावरून तुझ्याकडे बघत राहतं.

तर, येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपल्या छापखान्याच्या संघाची गॅस कंपनीशी मॅच आहे आणि माझा जीव टांगणीला लागलाय. हरण्याची भीती मला नाही. हरण्यात आपला चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव आहे. भीती आहे ती मैदानावर पोचण्याचीच. फुटबॉल मंडळाच्या नियमाप्रमाणे शिट्टी वाजण्याआधी प्रत्येक संघाचे चौदा खेळाडू गणवेशात हजर पाहिजेत. अकरा खेळायला, तीन बाकावर, आणि त्या तिघांत एक गोलकीपर. नाहीतर मॅच गेली. या मोसमात एकदा आपली अशी गेली आहे. दुसऱ्यांदा गेली की संघाचं नाव यादीतून कायमचं काढतात. (ही नियमावली आपल्याच छापखान्यात छापली, आणि तिचं प्रूफ बावीस वर्षांपूर्वी मीच तपासलं. हा नियम तेव्हाच मला मूर्खपणाचा वाटला होता. पण लेखकाचा मूर्खपणा दुरुस्त करायचा पगार मला मिळत नव्हता.)

आता आपल्याकडे माणसं किती ते ऐक. कागदावर अठरा. त्यातले दोघे गेल्या महिन्यात दुसऱ्या छापखान्यात गेले. एक आपला राखीव गोलकीपर, दुसरा डावा बॅक. जाताना दोघांनी माझ्या पाया पडून निरोप घेतला. मी आशीर्वाद दिला आणि मग, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे, पाठ न फिरवता, पूर्ण वाक्यांत, त्यांना काय वाटायला हवं ते सांगितलं. राहिले सोळा. सोळांत भागलं असतं. पण गेल्या बुधवारी, एकाच संध्याकाळी, एकाच जिन्यावर आपले तीन गडी कामातून गेले. (जिना कुणाचा, ते पुढे येईल. मध्ये तोंड घालू नकोस.) आपला गोलकीपर, तो कटिंग मशीनवाला, त्याची दोन बोटं चेंगरली. बारा वर्षं त्या पात्याखाली हात घालतोय, नखालासुद्धा धक्का नाही, आणि इथे भिंत आणि लोखंड यांच्यामध्ये! सेंटर फॉरवर्डची कंबर धरली. तो आता ज्या कोनात चालतो त्या कोनात त्याला चेंडू सोडून दुसरं काही दिसत नाही, पण डॉक्टर नाहीच म्हणाले. आणि कॅप्टनच्या, म्हणजे आपल्या बाइंडरच्या, पायाच्या अंगठ्यावर पडायचं ते पडलं. राहिले तेरा.

संघाचा प्रशिक्षक म्हणजे आपला स्टोअरकीपर. त्याच्याकडे मी चौकशीला गेले तर तो रिकाम्या शाईच्या डब्यांमध्ये डोक्याला हात लावून बसला होता. मला बघून म्हणाला, "बाई, तुम्ही तेवढं काही करू नका आता. हात जोडतो." मी कधी काय केलं? तीस वर्षं एकही मॅच चुकवली नाही, लिंबं चिरून नेते, रेफरीला त्याच्या चुका वेळच्या वेळी सांगते, एवढंच. (गेल्या मॅचला रेफरी मला म्हणाला, आजी, जरा शांत बसा. मी म्हटलं, मी शांतच आहे, तुम्ही ऑफसाइड द्या.)

बरं, जिना माझा. सांगून टाकते. बुधवारी मैदानाचं गवत कापायचं होतं म्हणून सराव रद्द झाला. पोरं गेटपाशी नुसती चहा पीत उभी. मला ते बघवेना. मोठमोठे संघ सरावात वजनं उचलतात हे मी पेपरात वाचलंय. माझ्याकडे योगायोगानं एक वजन होतं. मागच्या खोलीला रंग द्यायचा होता आणि तिथलं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. यात माझा स्वार्थ होता असं प्रशिक्षकाचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, रंगाचा आणि सरावाचा दिवस एकच आला, एवढंच. पहिल्या वळणापर्यंत पोरांचं खेळणं फार सुरेख होतं. पास, पास, जरा उजवीकडे, सोडू नको. "बाई, हे कपाट आहे की तिजोरी?" कॅप्टननं विचारलं. "बोलण्यात दम घालवू नका," मी वरून म्हटलं. दुसऱ्या वळणावर कटिंग मशीनवाला म्हणाला, "सोडू का?" आणि बाकी दोघांना ते 'सोडू या' असं वाटलं असावं, कारण सोडलं तिघांनी.

रात्री कटिंग मशीनवाल्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि म्हणाली, "या. बघा तुमचा गोलकीपर. मी घास भरवतेय त्याला." तो म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण रविवारी कोण?" त्याची बोटं दुखत नव्हती रे, ते 'कोण' दुखत होतं. घरी येऊन मी बराच वेळ जिन्यातच बसले. छापखान्यात आता एकच पाळी चालते. दोन मजले भाड्यानं गेले. प्रूफ तपासायला माणूस लागत नाही म्हणतात (आणि ते छापतात ते वाचलं की दिसतंच). छापखान्याचं नाव हल्ली पूर्ण उच्चारलं जातं ते फक्त मैदानावर, रेफरी दोन्ही संघ पुकारतो तेव्हा. तेसुद्धा माझ्या कपाटापायी बंद व्हायचं?

असो. तुला या सगळ्याशी काय देणंघेणं! एकोणतीस वर्षांपूर्वी एका मॅचनंतर तू मैदान सोडलंस, बदली मागून छापखान्याच्या लांबच्या कागद-डेपोत गेलास, आणि पुन्हा कधी चेंडूकडे पाहिलं नाहीस. त्या मॅचच्या शेवटच्या मिनिटाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलंय. चेंडू हळू आला होता आणि दोन पायांमधून गेला, याहून जास्त मी काही लिहिणार नाही.

जेवणखाण वेळेवर कर. एकटा राहतोस म्हणून उभ्याउभ्या खाऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. कपाट तुझं आहे. बदलीच्या वेळी 'महिनाभर ठेव' म्हणून माझ्याकडे टाकलंस ते. तेव्हा आपला गोलकीपर कुणाच्या वस्तूनं जायबंदी झाला याचा तूच शांतपणे विचार कर.

ता. क. २. नियमावलीच्या नवव्या कलमात 'आजी किंवा माजी कामगार' असं आहे. वयाची अट नाही. मी तीनदा वाचलं. यादी सोमवारी द्यायची होती, ती मी स्वच्छ अक्षरात लिहून दिली आहे. चौदावं नाव तुझं, राखीव गोलकीपर म्हणून. गोलमध्ये आपला उंच हाफ उभा राहील, तू नुसतं बाकावर बसायचंस. (तो चेंडू जवळ आला की डोळे मिटतो. हे आत्ताच सांगितलेलं बरं.) सही मॅचआधी मैदानावरच करावी लागते. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ये.

ता. क. ३. कपाट पडलं तेव्हा खालचा खण उघडला. तुझे गोलकीपरचे हातमोजे निघाले. जाळून टाकले म्हणाला होतास. तेल लावून, बोटांत कापूस भरून, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. वर्तमानपत्रावरची तारीख मी बघितली, जुनी सवय. गेल्या वर्षी तू आठ दिवस राहायला आला होतास, त्यातल्या मंगळवारची आहे. मी कुणाला काही बोलले नाही. हातमोजे गॅलरीत उन्हाला ठेवलेत.