चौथ्यांदा काढलेल्या चिठ्ठ्या

४ नोव्हेंबर
संकल्प : यापुढे रागवायचं नाही. संशोधकाला राग शोभत नाही.
घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आता एम.एस्सी. शेवाळापासून मी स्वतः बनवलेलं द्रावण गव्हावर फवारायचं. सहा प्लॉटांना द्रावण, सहा कोरे. मार्चमध्ये वजनं, मेमध्ये डिग्री. इतकं सोपं आहे.

७ नोव्हेंबर
कोणत्या प्लॉटला द्रावण द्यायचं, हे म्हणे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे पक्षपात होत नाही. मी पक्षपात करणार होते की काय? संताप आला. तरी काढल्या. द्रावणाच्या वाट्याला पश्चिमेचे प्लॉट आले. तिथे चपलेतूनसुद्धा खडे टोचतात. उघड अन्याय. पुन्हा काढल्या. पुन्हा अन्याय. चौथ्या खेपेला सहाही प्लॉट पूर्वेला, ओळीने आले. फवारायलाही सोयीचे. निर्णय चिठ्ठ्यांचाच. मी फक्त चिकाटी दाखवली.

९ नोव्हेंबर
शेतावरचे मुकादम काका म्हणाले, ताई, पूर्वेला पंधरा वर्षं गोठा होता, तिकडे खुंटी ठोकली तरी तिला पानं फुटतील. मी समजावलं की गोठा कधीच पाडला, ट्रॅक्टरने जमीन सपाट केली, आणि सपाट जमिनीत माती सगळीकडे सारखीच. ते म्हणाले, बरं.
त्या ‘बरं’ने दिवसभर डोकं फिरलं. पेरणी उरकली.

२ डिसेंबर
गाईड सर महिनाभराने परदेशातून परतले. विचारलं, सगळं द्रावण एकाच बाजूला कसं? म्हटलं, चिठ्ठ्या. म्हणाले, शेताचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात दोन्ही का नाही ठेवलेस? आता उगवून आल्यावर सांगतात! आधी सांगायला काय झालं होतं? (आधीही सांगितलं होतं. ईमेलवर. ईमेल म्हणजे काही सांगणं नव्हे.)

१८ जानेवारी
पूर्वेचा गहू कमरेला लागतोय, पश्चिमेचा गुडघ्याशीच. घरी फोटो पाठवला. बाबांनी टेलरिंगच्या दुकानाच्या पाटीवर ‘कन्या एम.एस्सी.’ रंगवून घेतलं. रूममेट म्हणाली, डिग्री गोठ्याला दे. तिच्याशी बोलणं बंद.

१२ मार्च
द्रावणाच्या प्लॉटांत चाळीस टक्के जास्त धान्य! चाळीस!!
संध्याकाळी ५ : सरांनी कडेच्या ओळीही तोलायला लावल्या. त्या नुसत्या राखणीसाठी असतात, त्यांना द्रावणाचा थेंबही मिळालेला नाही. पूर्वेची ओळ पश्चिमेच्या ओळीपेक्षा चाळीस टक्के जड भरली. काटा बिघडलाय, असं मी स्पष्ट सांगितलं. काकांनी चार वेळा तोलून दाखवलं. चारही वेळा तेच. काटाही त्यांना सामील.

१५ मार्च
सरांनी प्रबंधावर सही केली नाही. म्हणाले, तू द्रावण नाही, गोठा मोजलास. मे गेला. अख्खं वर्ष गेलं.
घरी फोन केला. बाबांनी विचारलं, नापास झालीस का गं? म्हटलं, मी नाही, माती नापास झाली. बाबा म्हणाले, मग तिला सांग, पाटी रंगवून झालीये. मागून आई म्हणाली, पोरीला जेवलीस का विचारा आधी. फोन ठेवल्यावर भिंतीवर उशी फेकली. भिंतीला काही झालं नाही.

२० मार्च
सरांनी नवीन काम ठरवलं. द्रावणाआधी माती ओळखायची. सगळ्या शेतात एकच बी. खत नाही, द्रावण नाही, चिठ्ठ्या नाहीत. कापणीला शेताचे एकशे चव्वेचाळीस चौकोन करायचे आणि प्रत्येकाचं धान्य वेगळं तोलायचं. विचारलं, तोवर माझं काम काय? म्हणाले, काहीही करायचं नाही.
मग सरांनी विचारलं, हिला जमेल का? मला नाही, काकांना.
काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, शिकेल हळूहळू.