आठचा रिपोर्ट

धनज, ता. कारंजा
रविवार, ५ जानेवारी २०२५

प्रिय हेमसिंग,

आधी तुझा जय सेवालाल घे, मग माझा जय भीम. पलटणीत आपला हाच क्रम होता, कारण तुझा आवाज मोठा आणि माझा बसका. आता तो आवाज कोणत्या पेटीत कुलूप लावून ठेवलास ते तुलाच माहीत.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूर घरात आली. धम्मदीपाचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण ती त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणून ते ऐकू येत नाहीत. (हे तिला वाचून दाखवलं नाही.) आमचा पोरगा संघदीप अमरावतीला होस्टेलवर आहे. म्हैस व्यायली, वगार झाली. सकाळी उठलो की मी गोठ्यात जाऊन ती वगार मोजतो. एकच आहे, तरी मोजतो.

हे पत्र हेमलाला वाचायला देऊ नको. तुझी पोरगी हुशार आहे, घडाघडा वाचून टाकेल, आणि मला ते नको आहे. तू स्वतः वाच. हळू वाचतोस हे मला माहीत आहे. बोट ठेवून वाच, वावरातल्या तुझ्या मचाणावर तुला हसायला कोणी नाही.

तुझ्या घरची पत्रं मी लिहायचो ते आठवतं ना? तू आपला सांगायचास, ‘लिही, मी खुशाल हाये, बैलाले पेंड घालत जा.’ संपलं पत्र! नवी नवरी, आणि तिला पत्रातून बैलाची पेंड! म्हणून ‘तुझी फार याद येते’ हे मी माझ्या पदरचं घालायचो. गेल्या रविवारी तांड्यावर आलो तेव्हा धनीवहिनींनी पहिला चहा दिला आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, त्या चिठ्ठ्या अजून माह्या पेटीत हायेत. तवा कागदावर किती बोलत होते हे! आता समोर बसून एक शब्द नाई.’ मी मान खाली घालून चहा प्यायलो. खरं सांगायचं धाडस झालं नाही. आजवर तुझ्या संसारात जेवढं गोड बोलणं झालं, त्यातलं अर्धं माझ्या पेनातलं आहे गड्या.

मग वहिनी म्हणाल्या, ‘घरात झोपतच नाई. पाऊस असो का थंडी असो. साऱ्याइच्या वावरातले रोही अन् डुकरं हाकलते, कोनी सांगो न सांगो. लोक म्हनतात, फौजी सटकला. तुमी सांगा भाऊजी, सटकला का?’ मी सांगितलं, सटकला नाही, ड्युटीवर आहे. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही. मलाच पुरतं पटलं नव्हतं.

तुझ्या मचाणाखाली आलो तर तू उतरलास. पाणी दिलंस. हरभऱ्याचे घाटे भाजलेस, निवडून निवडून भरलेले माझ्यापुढे सरकवलेस आणि पोकळ स्वतः खाल्लेस. मी बोलत होतो, तू ऐकत होतास. मी आपल्या राजपालच्या मुलीचं, निकिताचं, नाव काढलं आणि तू उठून कुंपणाची तार ओढायला गेलास. ती तार चांगली ताठ होती हेमसिंग, मी पाहिली. नंतर एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आलास, माझ्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे कोंबलेस आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिलास. रुसलेला माणूस असं करत नाही. म्हणून मला कळेना की तुला झालंय तरी काय, आणि म्हणून हे पत्र.

आपला ओके रिपोर्ट बंद होऊन आज एकोणतीस दिवस झाले.

घरच्यांना ही आपली गंमत वाटते. सात वर्षं, रोज सकाळी आठला, एक दिवस तू मिसकॉल द्यायचा, एक दिवस मी. उचलायचा नाही. वाजला म्हणजे समजायचं, सब ठीक. चौकीवर दर तासाला वायरलेसवर देत होतो तसंच. धम्मदीपा म्हणते, ‘दोन म्हातारे फुकटात बोलतात, तेही न बोलता.’ आणि मला वाटायचं, चला, आपला गडी ठीक आहे. पण तू गेली कित्येक वर्षं मचाणावर आहेस आणि रोज मला सब ठीक कळवत होतास. मीही तेच करत होतो. जेवायला बसलो की मी ताटं मोजतो, माणसं मोजतो, मग घास घेतो. लग्नात मांडव मोजतो. विहारात वंदना चालू असते आणि मी ओळी मोजतो. संघदीपचा फोन लागला नाही की माझ्या तोंडचं पाणी पळतं. या सगळ्या वर्षांत साऱ्या जगाने आठ वाजता आपल्याला विचारलं असतं तरी आपण दोघांनी सब ठीकच म्हटलं असतं.

सात डिसेंबरला मानोऱ्याच्या शाळेत ध्वजदिनाचं माझं भाषण झालं. तू मागच्या बाकावर होतास. हेमलाने हात केला म्हणून मी पाहिलं. तू आलास याचा मला आनंद झाला, खरंच झाला, आणि मी जरा जास्तच रंगात आलो. डाव्या हाताची तीन बोटं वर करून दाखवली, दोन बर्फाने घेतली म्हणून सांगितलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणालो, ‘नायक राजपाल तिथल्या तिथे शहीद झाले, पण हेमसिंगला मी मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलं.’ तू उठलास आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी फोन तुझ्याकडून यायचा होता. आला नाही.

आता मुद्द्यावर येतो. तीन दिवसांपासून येतो आहे, पण मध्येच म्हैस आणि मध्येच धम्मदीपाचे गुडघे येतात.

आमच्या ग्रामपंचायतीने सव्वीस जानेवारीला माझा सत्कार ठेवला आहे. आणि सरपंचाच्या डोक्यात आलं म्हणून त्यांनी राजपालच्या घरी भंडाऱ्याला फोन लावून त्याच्या मुलीलाही बोलावलं. निकिता. आपण तिचा फोटो पाहिला होता तेव्हा ती नऊ वर्षांची होती, दोन वेण्या, एक दात पडलेला. आता वीस वर्षांची आहे. ती येते म्हणाली. माझा नंबर घेऊन तिने मला फोन केला. खूप मायेने बोलली. ‘काका, तुम्ही शेवटी पप्पांसोबत होता ना.’ मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, ‘पप्पा लगेच गेले का हो? की वाट पाहत होते?’

मी म्हटलं, लगेच, बेटा.

त्या दिवशी मी ताटावरून उठलो. धम्मदीपाने विचारलं, ‘काहून जेवले नाई? पटसंख्या तं पूर्ण हाये!’ ती हसत होती. मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा सांगितलं. आता तुला सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

त्या सकाळी पुढच्या चौकीवर आपण तिघंच होतो. तू आणि राजपाल वळणावर टाकलेले रॉकेलचे डबे आणायला सातला निघालात. वीस मिनिटांचं काम. नियम काय होता? डोळ्यांनी माणसं मोजायची, मग रिपोर्ट द्यायचा. आठ वाजता सेट बोलला. मी स्टोव्हपाशी बसून तुझं पत्र लिहीत होतो, धनीवहिनींना. पेन खाली ठेवलं नाही. मान वर केली नाही. म्हणालो, ‘तीन हजर, सब ठीक.’ रोज म्हणायचो तेच म्हणालो. मग पत्र पुरं केलं, पाकिटात घातलं, आणि तेव्हा लक्षात आलं की बंकर फार शांत आहे. पावणेनऊ वाजले होते. बाहेर आलो तर उतारावरचा बर्फ खाली सरकलेला, आणि तुमच्या पावलांची वाट अर्ध्यात संपलेली.

मी धावलो, हातांनी उकरलं, हे खरं आहे. बोटं गेली, हेही खरं. पण मुख्य चौकीवर फावडी होती, दोर होते, दहा माणसं होती, आणि ती माझ्या सब ठीकवर चहा पीत बसली होती. आठला मोजलं असतं तर ती पाऊण तास आधी आली असती. तुझा हातमोजा दिसला म्हणून तू सापडलास. राजपाल तुझ्यापासून दोन हातांवर होता.

चौकशीत तू दवाखान्याच्या खाटेवरून सांगितलंस, ‘साहब, आठ बजे हम तीनों बंकर में थे. रिपोर्ट के बाद निकले.’ मी दाराशी उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. माझी नोकरी वाचली, मला प्रशंसापत्र मिळालं, ते काचेत लावून आमच्या भिंतीवर आहे. आणि तेव्हापासून तू हळूहळू बोलायचा बंद झालास. मला वाटलं, माझ्यासाठी बोललेलं खोटं तुझ्या घशात अडकलं.

आपण दोघं एकाच बर्फातून आलो. मी बोलत सुटलो आणि तू गप्प झालास. मी छपराखाली माणसं मोजतो आणि तू छपराखाली येतच नाहीस. आणि लाज वाटते सांगायला, पण मनात कुठेतरी मला वाटायचं की मी तुझ्यापेक्षा बरा निभावलो. लोक मला हार घालतात आणि तुला सटकला म्हणतात, मग असं वाटायला वेळ लागत नाही. खरं म्हणजे माझं भाषण हे माझं मचाण आहे. तिथे चढलो की खालचं काही दिसत नाही.

मी ठरवलं आहे. निकिता आली की तिला घरात बसवून खरं सांगणार. सत्कार घेणार नाही, सरपंचाला काय सांगायचं ते नंतर पाहू. पण माझं खरं बाहेर पडलं की तुझी खोटी साक्षही उघडी पडते, म्हणून तुला विचारल्याशिवाय बोलणं बरं नाही. तू नको म्हटलंस तर मी काय करीन ते मला माहीत नाही. नको म्हणू नकोस.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाहीच आहे. लगेच गेला की वाट पाहत होता, ते फक्त तुला माहीत आहे. तू अकरा वर्षांत कधी सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही, कारण मला भीती वाटते. आज विचारतो.

यापुढे मी मिसकॉल देणार नाही आणि तुझा घेणार नाही. आता तोंडानेच बोलायचं. ते जमत नसेल तर लिही. शुद्धलेखन तपासायला मी काही गुरुजी नाही.

वहिनींना नमस्कार, हेमलाला आशीर्वाद. धम्मदीपाने तुझ्यासाठी तिळाची चटणी कुटून ठेवली आहे. न्यायला ये.

आठला न मोजणारा, पण तुझाच,
संघपाल


तांडा
१९ जानेवारी

संघ्या,

जय भीम.

तुहं पत्र तीन दिवस वाचलं. हेमलाले नाई देल्लं. बोट ठेवूनच वाचलं.

मी तुह्यावर रुसलो नाई. शाळेतून उठलो कारन तू म्हनला राजपाल तिथल्या तिथं गेला. अजून बसलो असतो तं मोठ्यानं बोललो असतो, नाई म्हनून. पोरं होती समोर.

तो लगेच नाई गेला. माह्या बाजूले होता. हात पुरत नव्हता, आवाज येत होता. निकिताचं नाव घेत होता. मी रडून राह्यलो होतो तं मले म्हने, रडू नको हेमसिंग, हवा सरते. आठ वाजले का संघपाल गिनती करते, दोन कमी दिसले का येते. हे तो लय डाव म्हनला. संघपाल पक्का आदमी हाये, गिनती करते. मंग गप झाला. आठाच्या आधी का नंतर, मले नाई माहीत. घडी दिसत नव्हती.

हे तुले कसं सांगू? साक्ष द्याले एक मिनिट लागला, त्याचं काई नाई वाटलं. पन तोंड उघडलं का राजपालचं हेच बोलनं जिभेवर येते. तुह्या कानी जाईन म्हनून तोंडच बंद ठेवलं. मंग सवय पडली. धनीसंगही बोलता येईना.

तू आला होता, हेही खरं हाये. उशिरा आला पन आला. तुही बोटं माह्या गळ्यापाशी बर्फ उकरत होती, रगत माह्या तोंडावर पडत होतं, गरम. तेही पोरीले सांगीन.

साक्षीचं काय व्हायचं ते होऊ दे. पंचवीसले पहिल्या गाडीनं येतो. माही खाट अंगनात टाक. पोरीले आपन दोघं सांगू. अर्धं तू, अर्धं मी. तू एकटा सांगशीन तं मधातच म्हैस आनशीन.

चिठ्ठ्यांचं धनीले मी कालच सांगून टाकलं. हसली. म्हने, बैलाच्या पेंडीवरून मले तवाच कळलं होतं कोनतं कोनाचं हाये.

आता आठ वाजले. त्या दिवसाचा रिपोर्ट आज देतो, लिहून घे.

तीन जवान होते. दोन हजर. एक नाई.
सब ठीक नाई.

तुहा पलटनीतला बडी,
हेमसिंग