शून्याचं रिटर्न

आई, आज दिवसभर मी टॅक्सची कामं करून देणाऱ्या एका सल्लागारांच्या ऑफिसात बसून शून्यं भरत होते. शाळांचे गणवेश शिवायचं माझं युनिट बंद पडलं, हे तुला सांगायचंच राहिलं. ऑर्डरी बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेल्या आणि मशीनं बँकेच्या कर्जावरची. आता कोर्टात नादारीचा अर्ज करायचाय, म्हणजे माझं दिवाळं निघालंय असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं. वकील म्हणाले, आधी तुंबलेली जीएसटीची रिटर्नं भरा. मी म्हटलं, "धंदाच बंद, तर रिटर्न कसलं?" सल्लागार हसले. "ताई, काहीच विकलं न्हाई, तर तसं सांगावं लागतं. मागचा महिना भरल्याबिगर फुडचा उघडत न्हाई." मग काय, महिना उघडायचा, शून्य टाकायचं, दंड भरायचा, की पुढचा. गणवेशाच्या हंगामातल्या महिन्यांना शून्य टाकायला मन धजत नव्हतं.

तेव्हा तुझी खानावळ डोळ्यांपुढे आली. एमआयडीसीतली दुपारची सुट्टी झालीय, कामगारांनी बाकडी भरलीत, आणि आत आमटी बुडाला लागलीय. मी शाळेतून आलेली, तुला म्हणते, वरून लसणाची फोडणी दे, कोणाला कळतंय! तू माझ्याकडे बघतही नाहीस. पदराला हात पुसत दारात उभी राहतेस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतेस, "आज माझं चुकलंय. आमटी लागलीय. खायची त्यानं खा, न्हाई त्यानं उठा, पैशे न्हाई घेनार." काहीजण खरंच उठून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तू मात्र उरलेल्यांना भाकरी वाढत होतीस, नेहमीसारखीच, कोणाला मीठ हवं का विचारत.

एवढ्या भरल्या पंगतीसमोर ते कसं जमलं गं तुला? घर त्याच खानावळीवर चालत होतं. मी बंद दाराआड, एका अनोळखी माणसासमोर नुसतं शून्य टाकताना घामाघूम झाले. तू केवढी मोठी होतीस, हे मला आज कळतंय.

उद्या वकिलांकडे अर्जावर सही करायचीय. हे बाहेर बातम्या बघत बसलेत. युनिट परत कधी सुरू करतेस, म्हणून कालच विचारत होते, तर मी "दिवाळीनंतर" म्हणाले. हा कागद कुठं पाठवायचा नाही, ठाऊक आहे मला. तुला सगळं सांगता आलं, कारण तू आता नाहीस. ह्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही.