पुठ्ठा वर, पाच मिनिटं

४ फेब्रुवारी
अखेर डोक्यावर छप्पर आलं! शोभेच्या माशांच्या दुकानात काम, आणि दुकानामागचीच खोली राहायला. खोली म्हणजे काय, उताणं झोपलं की पाय दाराला लागतात. एक झरोका, तोही छताला टेकलेला. एका बाजूला भिंतीऐवजी प्लायची फळी. पलीकडे अशीच दुसरी खोली. दाराची कडी बाहेरूनच आहे, सुतार येणार आहे म्हणे. मालकीणबाई गोड बोलतात. वरची मोठी खोली रिकामी होईपर्यंत तात्पुरतं इथे राहा, म्हणाल्या. मला तरी कुठे नाचायचंय? लगेच लेकीला फोन केला, वीस तारखेला ये म्हटलं. दोन वर्षं दादा-वहिनीकडे राहून तिचा जीव मेटाकुटीला आलाय. वहिनीचाही.

७ फेब्रुवारी
मोठी टाकी गळते, म्हणून चाळीस फायटर मासे तात्पुरते बरण्यांत आहेत. एका बरणीत एकच. दोन एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. नुसते दिसले तरी चवताळतात, म्हणून दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा. रोज अर्धं पाणी बदलायचं, चिमूटभर दाणे टाकायचे आणि दुपारी तीनला पाच मिनिटं पुठ्ठे वर करायचे. मग कल्ले फुगवून, पर पसरून ते काचेवर धावून जातात. त्यानं म्हणे रंग खुलतो. माझे मात्र बरण्या उचलून हात गळून जातात. एका बरणीच्या चिठ्ठीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली. बाईंना विचारलं तर हसल्या. तात्पुरतंच आहे, म्हणाल्या.

१० फेब्रुवारी
आज माती खाल्ली. पुठ्ठे वर केले, शटर ओढून चहाला गेले आणि विसरलेच. तासाभरानं येऊन बघते तर निळा मासा मेलेला. काचेवर धडका देऊन देऊन गेला बिचारा. मला रडूच आलं. बाई चिडल्या नाहीत. पाच मिनिटांच्या वर त्यांना सोसत नाही, एवढंच म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी
सकाळी माझं दार उघडलंच नाही. कुणीतरी बाहेरून कडी घातली होती. फोन दुकानात चार्जिंगला राहिलेला. हाका मारून घसा बसला. दुपारी दाराखालच्या फटीतून ताटली आत आली, चार घास असतील. थकली आहेस, आराम कर, असं बाई बाहेरून म्हणाल्या. तात्पुरता. थकले आहे हेही खरंच. खाली हवा कोंदते. स्टुलावर चढते, झरोक्याला तोंड लावून श्वास घेते, उतरते. पुन्हा चढते.

१५ फेब्रुवारी
तीन वाजता फळी हातभर वर सरकली. पलीकडे एक बाई, माझ्यासारखीच जमिनीवर वाकलेली. दुकानात माझ्याआधी होती ती असणार. तिच्याकडे मदत मागायची होती. पण तिला पाहिलं आणि माझी मान फुगली. खरोखर फुगली, गळ्याचं बटण तुटलं. तिचे डोळे ओरबाडून काढावेसे वाटले. तिनंही दात विचकले. पाच मिनिटांनी फळी खाली आली. मग स्वतःची इतकी लाज वाटली. बाई दाराशी म्हणाल्या, छान रंग आलाय.

१७ फेब्रुवारी
पलीकडे धुण्या-पुसण्याचा आवाज. ती नाही. तिला मोठी जागा मिळाली म्हणे.
दुकानात नवीन बाई लागली आहे. पुठ्ठे आणि फळी आता तीच बघणार. विसराळू आहे, अगदी तुझ्यासारखी, असं सांगून मालकीणबाई हसत गेल्या.

१९ फेब्रुवारी
उद्या लेक येणार. झरोक्यातून ओरडले, कुणीतरी तिला कळवा, येऊ नकोस म्हणावं — मागची गल्ली रिकामी. दार ठोकून बोटं सोलली. आता हात उचलत नाही.

२० फेब्रुवारी
पलीकडे पावलं. तिचाच आवाज, आई कुठे आहे विचारते. बाई म्हणतात, तात्पुरतं इथे थांब. कडी —

ओरडून सांगितलं, भिंतीकडे तोंड कर, इकडे बघू नकोस. पोर माझा आवाज ऐकून हसली. फळीला येऊन चिकटली.

तीन. फळी वर. मी भिंतीकडे तोंड करून लिहिते आहे. पाचच मिनिटं. मोजते —

शटर पडलं. नवीन बाई चहाला गेली.

पाच झाली. दहा. फळी वरच —
लेक म्हणते, आई, बघ ना गं. आवाज घोगरा होत चाललाय तिचा. बटण — तिचं की माझं —

माझं लेकरू आहे ते. माझं. मान वळ