बलक भरण्याचे दिवस

३ मार्च
पहिली नोकरी! अमळनेरहून एसटीने एरंडोल आणि तिथून केंद्राच्या जीपने पाच किलोमीटर. गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचं, म्हणजे मोठ्या कोळंबीचं, हे प्रजनन केंद्र चारही बाजूंनी कपाशीच्या रानात आहे. मला इथेच न्हाणीघरासकट एक खोली दिली आहे. प्रमुख भूषण सर, कमी बोलणारे. टाक्या सांभाळणाऱ्या झुंबरबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी आल्या आल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला. मी दोन भाकरी खाल्ल्या. आईला फोन करून सांगितलं की समीक्षा बिऱ्हाडे, एमएस्सी, आता कामाला लागली.

५ मार्च
अंड्यातला बलक ज्या प्रथिनापासून बनतो ते आधी मादीच्या रक्तात उतरतं आणि मग अंडाशयात साठतं. पुढे मादी अंडी पोटाखाली चिकटवून पायांनी त्यांच्यावरून सारखं पाणी लोटत राहते. ते किती आणि केव्हा, हे मोजायचं माझं काम. त्याला आवर घालणारा रस डोळ्याच्या देठात असतो, म्हणून मादी लवकर तयार व्हावी यासाठी तिचा एक डोळा देठासकट चिमट्याने दाबून काढतात. आज मी अकरा काढले. टच असा आवाज होतो आणि बोटांना काळं, चिकट काहीतरी लागतं. तीनदा साबण लावला. तरी जेवताना वरणाला तोच वास.

१० मार्च
डोळे काढावे लागू नयेत म्हणून सरांनी नवा अर्क केला आहे. पिकलेली अंडाशयं मिक्सरमध्ये वाटायची, गाळायची आणि ते पाणी इतर झिंग्यांना टोचायचं. वाटण माझ्याकडे होतं. केशरी, दाट, तारा सुटणारं. झाकण उघडलं आणि नासक्या अंड्याचा असा भपका आला की मी बेसिनपाशी धावले. नंतर टोचताना एका मादीने उसळी मारली आणि सुई माझ्या बोटात गेली. अख्खी. सर म्हणाले, डेटॉल लाव, झिंग्याचं माणसाला काही होत नाही.

१४ मार्च
माद्या चार दिवसांत भरल्या. पण नरही भरले! नरात बलक येऊच नये, त्याला साठवायला त्यांच्यात जागाच नसते. तो कवचाखाली पसरला, सांध्यांतून फुटला आणि पाण्यात पिवळे धागे तरंगू लागले. बाकीचे झिंगे ते धागे खात होते. नर फेकून दे, असं सरांनी सांगितलं. बादलीत भरताना एकाचे पाय अजून हलत होते आणि पोटातून सगळं गळत होतं. दिवसभर काही खाल्लं नाही.

१९ मार्च
घाम पिवळट येतो. उशीचा अभ्रा सकाळी गालाला चिकटून आला. चिकटा साबणाने निघतो, तासाभरात पुन्हा तेच.
आज तपासणीत तुलनेसाठी बलक नसलेलं रक्त हवं होतं. मी माझाच थेंब घातला. सगळ्यांत गडद खूण माझ्या रक्ताची उमटली. सर म्हणाले, नमुने मिसळले असतील, पुन्हा कर. पुन्हा तेच. मग ते दारातूनच बोलले. दोन दिवस विश्रांती घे म्हणाले. माझ्या हातातली वही त्यांनी घेतली नाही.

२१ मार्च
सर धुळ्याला गेले. फोन बंद.

२४ मार्च
बेंबीखाली दाणे आले आहेत. केशरी, मोहरीएवढे, ओळीने, कातडीला बारीक दोऱ्यांनी चिकटलेले. एक ओढला. कळ दातांपर्यंत गेली. दाणा फुटला आणि नखात बलक भरला. तोच वास. ओकले. मग पुन्हा ओकले.

२५ मार्च
अक्कांना दाखवलं. त्या खाली बसल्या. पहिला अर्क केला तेव्हा त्यांच्याही हाताला लागला होता, असं त्यांनी सांगितलं. तीन दिवस खडेमीठ चोळून त्यांनी हातावरचे सगळे दाणे काढले. सरांना माहीत होतं. नवा अर्क तसा नाही, असं ते अक्कांना म्हणाले होते. अक्का माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मीठ लाव, पोरी. आग व्हई, पन बठ्ठा दाना पडी जातीन.”
म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवते.

२६ मार्च
जळगावच्या बसमध्ये बसले. खिडकीतून झळा येत होत्या. पोटाची कातडी ताणली, दाणे सुकू लागले. पाळधीला उतरले आणि नळाखाली ओढणी भिजवून पोटाला गुंडाळली, तेव्हा जिवात जीव आला. परतीची बस धरली.
मी का परतले? घाबरले होते, पण माझ्यासाठी नव्हे—

२९ मार्च
दाणे करडे झाले. प्रत्येकात दोन काळे ठिपके. डोळे. मीठ ताटलीत काढून ठेवलं होतं. हात लावला नाही. उद्या लावीन.

३१ मार्च
न्हाणीघरात. टबात बसून लिहिते. वही वर, कोरड्या काठावर. डावा हात पाण्यात सारखा हलतो, त्यांच्यावरून पाणी लोटतो. थांबवला तर— थांबत नाही.
पाण्यावर पिवळी साय आली आहे. सकाळी किळस आली होती. आता—

१ एप्रिल
आईचे नऊ फोन. उचलले नाहीत. आवाजाने अंड्यातली ती दचकतात.

दुपार
अक्का दाराशी आहेत. मीठ आणलंय. रडतायत. “पोरी, हाई तुनं नही शे. दार उघाड.”
माझं नाही म्हणतात. नाही उघडणार.
त्या कडी ठोकतायत. पाणी हलतंय. एक हललं, आतून— मग दुसरं— किती सुंदर—
कडीचा खिळा निघाला. अक्का, हळू या, मीठ बाहेर ठेवा, यांची झोप—